गाडी महिन्यातनं दोनदा, घर मात्र रोजचं

पत्र: ताई, मी ३७ वर्षांची, पुण्यात एका आयटी कंपनीत आहे. ऑफिसनं आता महिन्यातून दोनदाच, तेही दोन-दोन दिवस यायला सांगितलंय, बाकी काम घरून. नवऱ्याला शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत नोकरी लागली, त्यामुळे पुण्यातलं भाड्याचं घर सोडून कोल्हापूर बाजूला एखाद्या खेड्यात घर घ्यायचं चाललंय. मुलगी तिसरीत आहे आणि माझी आई आमच्याबरोबर असते, ६८ वर्षांची, गुडघे दुखतात तिचे. तीन जागा बघितल्यात. रुकडीत स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर तयार घर, स्वस्त मिळतंय. आळत्याजवळ मळ्यात छोटा बंगला, आईला लई आवडला. आणि गगनबावडा रोडला कळ्याच्या पुढं एक प्लॉट, एजंट म्हणतोय कोकणची रेल्वे इथूनच जाणार, भाव डबल होणार. नवरा म्हणतो स्टेशनजवळचं घेऊ, विषय संपला. मला काही सुचत नाहीये. दसऱ्याला टोकन द्यायचंय.

उत्तर:

अगं, विषय संपला कसा, अजून सुरूच झाला नाही. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाहीये, स्टेशन जवळ असलं की बरं वाटतंच, पण तू महिन्यातून दोनदा गाडीत बसणार आणि उरलेले २५-२६ दिवस त्या घरात राहणार, तिथंच लॅपटॉप लावून काम करणार, पोरगी तिथनं शाळेला जाणार, आई दिवसभर तिथंच असणार. म्हणून घर आधी त्या दिवसांसाठी बघ. गाडीचं मग बघता येतं, आणि ते बघताना घर ते स्टेशन किती मिनिटं एवढंच बघून भागत नाही, कुणाला कुठली गाडी किती वाजता पकडायचीय आणि रात्री उतरल्यावर दारापर्यंत कसं यायचं हे बघावं लागतं.

पहिल्यांदा तो कळ्याचा प्लॉट बाजूला काढू. कोल्हापूर-वैभववाडी लाईन २०१६-१७ च्या रेल्वे बजेटमधे मंजूर झाली हे खरंय, पण त्याला इतकी वर्षं झाली आणि त्या रस्त्याला आजही रूळ नाहीत. ती लाईन व्हावी असं आम्हा सगळ्यांनाच वाटतं, कोकण आणि कोल्हापूर जोडलं गेलं तर लई चांगलं होईल, पण जी गाडी अजून नाही तिच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी घालू नकोस. आणि नकाशात बघ, कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे, १८९१ पासून रूळ मिरजेकडून येतात आणि इथं संपतात. म्हणजे रेल्वेनं पुण्याला जायचं तर आधी पूर्वेला मिरजेपर्यंत जायचं आणि तिथून वर वळायचं. गगनबावडा रोडला राहणारा माणूस दरवेळी आख्खं कोल्हापूर शहर ओलांडून स्टेशनला येणार आणि मग पुन्हा मिरजेकडं निघणार, उलट रुकडी-हातकणंगले-जयसिंगपूर बाजूचा माणूस आधीच वाटेवर बसलेला असतो. त्यात नवऱ्याची नोकरी शिरोलीत, त्यालाही कळ्याहून रोज शहर पार करावं लागणार. गगनबावड्याकडं पाऊसही प्रचंड, निसर्ग सुंदर आहे, सुट्टीला दोन दिवस जा, खुशाल राहा, पण तुमच्या कामाची जागा ती नव्हे.

राहिली रुकडी आणि आळतं. दोन्ही त्याच लाईनवर, आळत्याला जवळचं स्टेशन हातकणंगले.

आता गाड्यांचं सांगते. कोल्हापूर सोडलं की वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मग मिरज. पॅसेंजर मधल्या स्टेशनांवर थांबतात, पण तुला पॅसेंजरनं पुण्याला जायचं नाहीये, तुला एक्स्प्रेस लागणार. कोयना सकाळी निघते आणि दुपार उलटल्यावर पुण्यात सोडते. महालक्ष्मी रात्री निघते, सकाळी मुंबईला बरोबर पोचवते पण पुणेकराला पहाटेच्या आडवेळी उतरवते, तेव्हा स्टेशनवर रिक्षावाले अंगावर येतात आणि ऑफिस उघडायला अजून पाच तास असतात. या दोन्ही हातकणंगले आणि जयसिंगपूरला थांबतात. वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालीय, कोल्हापूर-पुणे, पण आठवड्यातून तीनच दिवस, आणि ती कोल्हापूर सोडली की थेट मिरज, मग सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा. मधे कुठं नाही. तुझे ऑफिसचे वार आणि तिचे वार जुळतात का ते आत्ताच कागदावर लिहून बघ, नाही जुळले तर वंदे भारत डोक्यातनं काढून टाक, एजंट लोक तिचं नाव घेऊन घरं विकायला लागलेत.

म्हणजे रुकडीत पाच मिनिटांवर स्टेशन आहे खरं, पण तुझी गाडी तिथं थांबली तर ते स्टेशन तुझं. रेल्वेच्या अॅपमधे पुणे ते रुकडी टाक, तुझ्या वारांना काय दिसतं बघ. जे दिसेल त्यावर ठरव. नाहीतर असं व्हायचं की घरासमोरनं तुझीच गाडी शिट्टी मारत जातीये आणि तू रिक्षा करून हातकणंगल्याला निघालीयेस.

आणि मिरज विसरू नको. आपल्या लोकांना कोल्हापूर स्टेशनचीच सवय, पण मिरज मोठं जंक्शन आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी, पंढरपूर अशा चारी बाजूंना लाईनी फुटतात, त्यामुळे गोव्याकडून, कर्नाटकातून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्याही तिथं मिळतात आणि हुबळी-पुणे वंदे भारतही तिथं थांबते. हातकणंगल्याच्या पुढं जयसिंगपूरकडं जितकं सरकशील तितकं मिरज जवळ येतं. तुम्ही फक्त तीनच जागा बघितल्यात, मला विचारशील तर जयसिंगपूरच्या आसपासची चार गावं पण एकदा फिरून या, फक्त नदीकाठची नकोत, त्याचं पुढं सांगते.

मिरज ते कोल्हापूर अजून एकेरी लाईन आहे हेही लक्षात ठेव. समोरनं गाडी येत असली की तुझी गाडी कुठल्यातरी स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहणार. परत येताना रात्रीची वेळ असते, अर्धा-पाऊण तास लेट म्हणजे काहीच नाही. हातकणंगल्याला रात्री उतरलीस की बाहेर काय असतं ते स्वतः जाऊन बघ. वडाप, म्हणजे शेअर जीप, संध्याकाळनंतर पातळ होतं, रात्री नाहीच. रिक्षा असली तर एखादी, ती पण आधी सांगून ठेवलेली. नवरा गाडी घेऊन येणार असं तू धरून चाललीयेस ना? फौंड्रीत शिफ्ट असते. त्याला सेकंड शिफ्ट लागली तर त्या आठवड्यात तो सुटणारच रात्री उशिरा, मग सॅक पाठीला लावून तू फलाटावर किती वेळ बसणार? म्हणून गावातला एक ओळखीचा रिक्षावाला, त्याचा नंबर, आणि तो नाही आला तर दुसरा, हे घराइतकंच महत्त्वाचंय. बायकांनी हे विचारलं की लोक म्हणतात एवढं काय घाबरायचं, त्यात घाबरण्याचा प्रश्नच नाही, ही रोजची व्यवस्था आहे आणि ती आधी लावायची असते.

आता तुझ्या आईबद्दल. पत्रात तू तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. तुला गाडी नाही मिळाली तर तू ट्रॅव्हल्सनं जाशील, नवऱ्याकडं बाईक आहे. आईकडं काय आहे? ती पुण्यात इतकी वर्षं राहिली, तिच्या मैत्रिणी, तिचे डॉक्टर, तिचे नातेवाईक सगळे तिथं. तिलाही वर्षातनं चार-पाच वेळा जावंसं वाटणार आणि प्रत्येक वेळी तू बरोबर असशील असं नाही. तेव्हा स्टेशन निवडताना तिच्या गुडघ्यांनी निवड.

छोट्या स्टेशनांवर फलाट बुटका असतो. डब्याची शेवटची पायरी आणि फलाट यात एवढं अंतर पडतं की दांडीला धरून लोंबकळतच उतरावं लागतं, आणि तुझा डबा गाडीच्या टोकाला असला तर तो फलाटाच्या बाहेर, खडीवर येऊन थांबतो. गाडी थांबते दोन मिनिटं. ६८ वर्षांच्या बाईनं पिशवी सांभाळत हे करायचं, रात्री, अर्धवट उजेडात. एकदा तिला घेऊन हातकणंगले आणि रुकडी दोन्हीकडं नुसतं फलाटावर उभं राहून एक गाडी येताना-जाताना बघ, ती स्वतःच सांगेल तिला जमेल का. नसेल जमत तर तिचा प्रवास कोल्हापूर टर्मिनसवरूनच ठेव, तिथं गाडी सुरूच होते त्यामुळे आधी लागून उभी असते, सावकाश चढता येतं, जागा शोधता येते. तिकीट काढताना वय नीट टाका म्हणजे लोअर बर्थ मिळायचा चान्स वाढतो, ४५ च्या वरच्या बायकांना तो कोटा आहे. रेल्वेत ज्येष्ठांची भाड्याची सवलत २०२० पासून बंद आहे पण एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आईला दिवसाची एसटी कधीकधी जास्त सोयीची पडेल, फक्त हायवेचं सहापदरीकरणाचं काम आणि ट्रॅफिक धरून वेळ मोजा.

रुकडीच्या घराकडं येते. स्वस्त का आहे हे विचारलंस का? पंचगंगा तिथनं लांब नाही. सगळी रुकडी पुरात जाते असं मी म्हणत नाही, गाव मोठं आहे, उंच-सखल आहे, पण तू ते घर कुठल्या अंगाला आहे ते बघ. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट आहे यावरून अंदाज कर. शिरोलीजवळ हायवे बंद, रुकडीच्या पुलाजवळ पाणी आलं म्हणून रेल्वे बंद, म्हणजे त्या दिवसांत स्टेशन पाच मिनिटांवर असून काही उपयोग नव्हता. मालक सांगेल इथं कधीच पाणी आलं नाही. त्याला विचारूच नको. शेजारच्या आजींना विचार, "२०१९ ला पाणी कुठवर आलंवतं?" लोक हात करून दाखवतात, ह्या पायरीपर्यंत, त्या खिडकीपर्यंत. घरात गेलीस की बघ प्लग पॉईंट कमरेच्या वर बसवलेत का, खालचा प्लास्टर वरच्यापेक्षा नवा आहे का, कपाटं भिंतीत उंचावर आहेत का, फक्त खालच्या अर्ध्या भिंतीलाच ऑईलपेंट आहे का. तलाठ्याकडं विचार त्या घराचा पूरग्रस्त म्हणून पंचनामा झाला होता का. आणि पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेत ती जागा येते का ते बघून घे, निळी म्हणजे नदीलगतचा जास्त धोक्याचा पट्टा, लाल म्हणजे मोठ्या पुराची हद्द. निळ्या रेषेच्या आत असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, हात जोडून परत ये. आईला रात्री दोन वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून शाळेत नेऊन ठेवायची पाळी यायला नको.

आळत्याचा बंगला आईला आवडला हे मी समजू शकते. रामलिंगच्या डोंगराचा पायथा, मोकळं वारं, पुराचं भय नाही. जागा म्हणून मलाही तीच बाजू पटते. पण मळ्यातलं घर आणि गावातलं घर यात तुझ्या कामाच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. मळ्यातल्या बऱ्याच घरांना लाईट शेतीच्या फीडरवरनं, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाईनवरनं, असते. शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसा कधी रात्री पाळी. गावठाणाच्या फीडरला असं नसतं. तू घरून काम करणार, मीटिंगमधे असताना लाईट गेली तर एकदा चालेल, रोज नाही चालणार. बंगल्याचं लाईट बिल मागून घे, घरगुती कनेक्शन आहे का आणि कुठल्या फीडरवर आहे ते वायरमनला विचार, वायरमन सगळं खरं सांगतो. इन्व्हर्टरनं तुझा लॅपटॉप चालेल पण मोटर नाही चालणार, म्हणजे टाकीत पाणी नाही. फायबरची केबल तिथवर आलीय का तेही बघ, "टॉवर दिसतोय की" यावर जाऊ नको, भर दुपारी तिथं उभं राहून ऑफिसचा एक कॉल कर.

मग रस्ता. बंगल्यापर्यंत पाणंद, म्हणजे शेतातला कच्चा रस्ता, असेल तर आत्ता कोरड्यात गाडी जाते म्हणून खूश होऊ नकोस. जुलैत त्याच पाणंदीत चाक रुतून बसतं, स्कूल बस आत येत नाही, पोरीला चिखलातनं मेन रोडपर्यंत सोडायला कुणीतरी पाहिजे. आणि ती पाणंद नकाशात आहे की कुणाच्यातरी शेतातनं नुसती वहिवाट आहे? शेजाऱ्याशी उद्या बिनसलं आणि त्यानं नांगर घातला तर तुझा रस्ता गेला. असे वाद तहसीलमधे वर्षानुवर्षं चालतात. शिवाय कारखाने सुरू झाले की ऊसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मागं लाईट नाही, सांगली रोड आणि गावातले सगळे रस्ते त्यांनी भरलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च स्टेशनला निघताना नेहमीच्या वेळेत अर्धा तास जास्तीचा धर, रात्री टू व्हीलरवर तर जपूनच.

कागदाचं थोडक्यात सांगते पण हे सगळ्यात मनावर घे. मळ्यातला बंगला म्हणजे जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का हा पहिला प्रश्न. शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरीच घेऊ शकतो, तुम्हा दोघांपैकी कुणाच्या नावावर सातबारा आहे का? आणि असला तरी तुकडेबंदी आहेच, २०२३ पासून बागायत १० गुंठे आणि जिरायत २० गुंठे हे प्रमाणक्षेत्र धरलंय, त्यापेक्षा लहान तुकडा सरळ खरेदी होत नाही, नियमात अधूनमधून बदल चाललेत ते वकिलाला विचारून घे. एजंट म्हणेल नोटरी करून टाकू, स्टॅम्पवर लिहून देतो, सगळे असंच करतात. नोटरीवर मालकी येत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसतो का बघ, मालकाच्या बहिणींची नावं आहेत का बघ, फेरफार वाच. पैसे हातात असले तरी थोडं होम लोन घेच असं मी म्हणेन, कारण बँक स्वतः मालकीच्या जुन्या कागदांचा सर्च घेते, आणि बँकेनं नाही म्हटलं तर तुलाही उत्तर मिळालं.

शाळा आणि दवाखान्याचं हातकणंगल्याच्या बाजूला अवघड नाही. इचलकरंजी जवळ, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे, मिरज तर दवाखान्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. आईच्या गुडघ्यांसाठी ऑर्थोपेडिक मिरजेत बघ, गाडीनं जाता येईल.

माझं मत विचारलंस तर असं आहे. बाजू हातकणंगल्याचीच धर, आळतं चालेल, पण मळ्यात नको, गावाच्या कडेला, गावठाणातलं किंवा एनए प्लॉटवरचं घर शोध, जिथं आईला चार बायका बोलायला असतील, दुकान चालत जाण्यावर असेल आणि मोकळं वारंही मिळेल. नवऱ्याला तिथनं शिरोली सांगली रोडनं सरळ पडते. आणि लगेच घेऊ नका. त्याच गावात एक घर भाड्यानं घ्या, पुढचा एक पूर्ण पावसाळा काढा, एक ऊसाचा सीझन काढा. तेवढ्यात तुझ्या पुण्याच्या बऱ्याच फेऱ्या होतील, कुठली गाडी अंगवळणी पडते ते कळेल, कदाचित असंही होईल की तू जाताना कोयनेनं जाशील आणि येताना ट्रॅव्हल्सनं शिरोलीला उतरशील, नवरा शिफ्ट सुटल्यावर तिथूनच तुला घेऊन येईल. ते घरबसल्या आत्ता ठरवता येत नाही. पुराच्या आठवड्यात रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद होऊ शकतात हे ऑफिसला आत्ताच लेखी कळवून ठेव, म्हणजे ऐनवेळी रजेवरनं वाद नको.

पुण्याचं भाड्याचं घर सुटल्यावर तिथं दोन रात्री कुठं काढणार हे पण तू लिहिलं नाहीस. दर वेळी बहिणीकडं, मैत्रिणीकडं जमतंय असं वाटतं, वर्षभरानं अवघड होतं. ऑफिसच्या जवळ एखादं पीजी किंवा लॉज बघ, तो खर्च घराच्या हिशोबात धर. गाडीभाडं, रिक्षा, रात्रीची सोय हे सगळं मिळून महिन्याला काय येतं ते काढ आणि मग घराचा हप्ता ठरव.

दसऱ्याचं टोकन थांबव. मुहूर्त चांगला आहे म्हणून एजंट घाई करतोय, पुढं पाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे. नवऱ्याला कंपनीतनं शिफ्टचं पूर्ण वेळापत्रक आणायला सांग, तू तुझ्या ऑफिसचे वार लिही, आणि एका रविवारी आईला घेऊन दोन्ही स्टेशनांवर जाऊन ये. नंतर काय ठरलं ते मला कळव, कागद बघायला लागले तर सातबारा आणि आठ-अ पाठवून दे, बघते मी.